ओळ दोनशे चौदा

रोज दुपारी चारला, चहाचं आधण ठेवून, चारुलता बनसोडे पाटीची तपासणी सुरू करायची. अकरा हजार चारशे बारा उदाहरणं. प्रत्येकाचं बरोबर उत्तर आधीच नोंदवून ठेवलेलं. पाटी ती सगळी नव्याने सोडवायची, आणि चहा गाळून होईपर्यंत पडद्यावर एक ओळ यायची: सगळी बरोबर. मग ती वहीत तारीख घालून पुढे बरोबरची खूण करायची. गेल्या सहा वर्षांत त्या वहीत दुसरी कुठलीही खूण झाली नव्हती.

पूर्वी याच तपासणीला अख्खा दिवस लागायचा. पण पूर्वी सगळ्यालाच वेळ लागायचा. आता संगणक वेगवान झाले, असं तिने धरलं होतं.

पाटी म्हणजे बीजगणित करणारा प्रोग्राम. साधं गणकयंत्र आकड्यांची उत्तरं देतं. पाटी अक्षरांशी खेळते: समीकरणं मांडते, सोडवते, अवयव पाडते, आणि हे सगळं करताना पायऱ्या दाखवते. २००९ साली पुण्यातल्या एका हॉस्टेलच्या खोलीत पाच जणांनी ती लिहायला घेतली. कुणीही घ्यावी, कुणीही उघडून आत काय आहे ते बघावं, बदलावी, पुढे द्यावी. पाचांतले दोघे परदेशात गेले आणि हळूहळू गप्प झाले. एक वारला. चौथा, मकरंद शेणोलीकर, सहा वर्षांपूर्वी थांबला. पाचवी चारुलता. सांगलीच्या कॉलेजातून निवृत्त होऊन ती मिरजेतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत होती. पाटीच्या सामायिक पत्रपेटीत शेवटचं पत्र चौदा महिन्यांपूर्वी आलं होतं. तेही बाथरूमच्या फरश्यांची जाहिरात.

म्हणून ६ जानेवारी २०४५ ला पेटीत नवं पत्र दिसलं, तेव्हा तिने आधी चष्मा पुसला.

"मी तबस्सुम परकार, कनिष्ठ अभियंता," पत्रात होतं. "वेळवणच्या खाडीवर पायी जाण्यासाठी झुलता पूल होतो आहे. त्याचं गणित माझ्याकडे आहे. नियमाप्रमाणे निष्कर्ष सॉफ्टवेअरने दिलेल्या उत्तराची दुसऱ्या, स्वतंत्र सॉफ्टवेअरवर पडताळणी करावी लागते. मोफत मिळणारी तीन सापडली: कर्कटक, लघुतम आणि तुमची पाटी. तिन्हींवर गणित घातलं. तिन्हींचं उत्तर निष्कर्षशी तंतोतंत जुळलं. फॉर्मात एकाचंच नाव लिहायचं आहे. गणिताच्या कामासाठी यातलं कोणतं निवडावं? ता. क. पाटीला फक्त १.८ सेकंद लागले. तिघांत सगळ्यांत जलद. अभिनंदन."

चारुलताने पत्र तीनदा वाचलं. कुणीतरी, कुठल्यातरी खाडीच्या काठावर, पाटी वापरली होती. तिने लगेच उत्तर लिहायला घेतलं. पाटी का निवडावी, याची कारणं तिला शोधावी लागली नाहीत. पायऱ्या दिसतात. उघडून बघता येते. कुणी उद्या बंद करू शकत नाही. चार ओळी झाल्या आणि तिचा हात थांबला.

१.८ सेकंद.

पत्राला गणित जोडलेलं होतं. तिने ते उघडलं. सहा समीकरणं, त्यांतून पाच अज्ञातं एकेक करून बाहेर काढायची आणि शेवटी एकच समीकरण उरवायचं. दोरांचे ताण, पुलाचा कल, वारा, माणसांचं वजन. असं एक अज्ञात काढलं की उरलेली समीकरणं फुगतात. दुसरं काढलं की आणखी फुगतात. शेवटी शेवटी एकेक समीकरण चारशे पानांचं होतं. पाटीचा हा भाग चारुलताने स्वतः लिहिला होता. तिने कागदावर अंदाज केला. आजच्या संगणकावर चार दिवस. कमीत कमी साडेतीन.

बैलगाडीला कुणी विमानाचं बक्षीस द्यावं, तसं ते अभिनंदन होतं.

तिने उठून भिंतीतली इंटरनेटची वायर उपटली, तेच गणित पाटीवर घातलं आणि खुर्चीत बसली. पंख्याचा आवाज तेवढा होता. दहा सेकंदांनी पडद्यावर ओळ आली: जोडणी नाही. पुन्हा प्रयत्न करा.

पाटीला कुणाशीही जोडलेलं असण्याची गरज नव्हती. ती पाटी होती.

*

निष्कर्ष आठ वर्षांपूर्वी आलं, आणि आलं ते फुकट. ते पायऱ्या करत नसे. जगभरातली कोट्यवधी सोडवलेली उदाहरणं त्याच्या पोटात होती. नवं गणित दिसलं की ते एकदम उत्तरावर उडी मारायचं. मग ती उडी बरोबर पडली का, हे बघायला ते अक्षरांच्या जागी आकडे घालायचं, एकदा नव्हे, लाख वेळा. दोन्ही बाजू लाख वेळा जुळल्या की प्रमाणपत्र. मुलीला स्थळ आलं म्हणून मुलाची लाख लोकांकडे चौकशी करावी आणि त्याच्या घरी मात्र एकदाही जाऊ नये, अशी ती पद्धत होती. बहुतेक वेळा मुलगा चांगलाच निघायचा. पण निष्कर्ष उघडून बघता येत नसे. फुकट होतं, मोकळं नव्हतं. या दोन गोष्टींतला फरक सांगत चारुलता दोन वर्षं सेमिनारांतून हिंडली. तिसऱ्या वर्षी बोलावणी थांबली. पाचव्या वर्षी तिच्याच कॉलेजने पदवीच्या परीक्षेतून पायऱ्यांचे गुण काढून टाकले.

एकच नियम टिकला होता: लोकांच्या जिवाशी संबंध असेल तिथे दुसऱ्या सॉफ्टवेअरची साक्ष घ्यायची. दुसरा साक्षीदार पहिल्यालाच विचारून येत नाही ना, हे मात्र कुणी तपासलं नव्हतं.

तिने पाटीच्या फाइली उघडल्या. शोधायला वीस मिनिटं लागली. एक लहानशी फाइल, नव्वद ओळींची. गणित अवजड दिसलं की ते निष्कर्षकडे पाठवायचं आणि आलेलं उत्तर आपलं म्हणून दाखवायचं. एवढंच तिचं काम.

फाइलीच्या माथ्यावर पाटीच्या रिवाजाप्रमाणे दोन नावं होती.

लेखन: मकरंद शेणोलीकर. वाचन: चारुलता बनसोडे. ९ ऑगस्ट २०३९.

हा रिवाज पाच जणांनी पहिल्याच आठवड्यात घातला होता. लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी प्रत्येक ओळ वाचल्याशिवाय पाटीत काहीही शिरणार नाही. सुरुवातीला तर मोठ्याने वाचत. लिहिणाऱ्याने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं, आणि अडलं की ‘थांब’ म्हणायचं. परत पाठवायचं तर कारण लिहायचं. या रिवाजावरून भांडणं झाली, दोनदा जेवणाची ताटं तशीच राहिली, पण तीस वर्षं तो मोडला नाही.

९ ऑगस्ट २०३९. आई दवाखान्यात होती, अकरावा दिवस. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर चारुलता बसली होती. मोबाइलवर मकरंदची फाइल आली. विषय: वेग. तपासणी सगळी बरोबर, असं खाली लिहिलेलं. तेवढ्यात नर्सने ‘बनसोडेंचे नातेवाईक’ म्हणून हाक मारली. उठता उठता तिने ‘वाचन’पुढे आपलं नाव घातलं. तीन सेकंदांचं काम.

फाइल तिने उघडलीच नव्हती. ती आज उघडत होती. नावांच्या खाली, प्रोग्राम सुरू होण्याआधी, माणसांनी माणसांसाठी लिहायच्या जागेत, सहा ओळी होत्या.

"चारू, हे मला स्वतःलाच पटलेलं नाही. कर्कटकवाल्यांनी आणि लघुतमवाल्यांनी हेच केलंय. लोक आता चार दिवस थांबत नाहीत. आपणही नाही केलं तर पाटी कुणी हातात धरणार नाही, असं मला वाटतं. पण मला काय वाटतं त्याचा मला आजकाल भरवसा नाही. नको म्हणालीस तर परत पाठव, मी काढून टाकतो. भांड. पण वाच."

त्यानंतर तीन आठवड्यांनी त्याचं पत्र आलं होतं: मी थांबतो. दोन शब्द. आईचे दिवस होऊन आठवडा झाला होता. चारुलताने उत्तर दिलं होतं: ठीक आहे.

*

कोल्हापूर मिरजेपासून तासाभरावर. सहा वर्षांत ती एकदाही गेली नव्हती. तिने फोन लावला.

"कोण?"

"चारुलता."

"हां," मकरंद म्हणाला. मग, "जिवंत आहेस."

"तू पाटी निष्कर्षला जोडलीस."

"आपण जोडली. नाव आहे तुझं."

"मी वाचलं नव्हतं."

 पलीकडे कुकरची शिट्टी झाली. 

"सहा ओळी होत्या, चारू," तो म्हणाला. "तुझ्याशी भांडायला जीव उरला नव्हता म्हणून मी भांडण लिहून पाठवलं. सुरुवात तू करावीस म्हणून. तू सही करून मोकळी. मला वाटलं, बाईला आता काही पडलेलं नाही."

"आई आयसीयूत होती."

"ते मला महिन्याने कळलं. तेही सांगलीच्या जोशांकडून."

"तूही विचारलं नाहीस."

"नाही विचारलं." तो हसला, पण त्यात हसू नव्हतं. "आपण दोघं फार हुशार."

तिने त्याला पुलाचं सांगितलं. अज्ञातं काढणारा माझा जुना भाग परत घालते, नव्याने वाचून दे, म्हणाली.

"मला पडद्यावरचं दिसत नाही गं," मकरंद म्हणाला. "दोन वर्षं झाली. मधोमध काळं, कडेने थोडं. माणूस आला की कोण ते आवाजावरून. तुझा रिवाज माझ्या कामाचा राहिला नाही. दुसरे डोळे शोध."

फोन ठेवल्यावर चारुलताने वही उघडली. तीत सहा वर्षांच्या खुणा होत्या, जवळजवळ दोन हजार. रोज दुपारी चारला ती एका यंत्राला विचारत होती की माझं बरोबर आहे ना, आणि ते यंत्र दुसऱ्या यंत्राला विचारून हो म्हणत होतं.

मग तिने दोन कामं केली. पाटीच्या जाहीर पानावर सूचना लावली: "ऑगस्ट २०३९ पासूनची पाटी स्वतंत्र नाही. तिच्या भरवशावर दुसरी पडताळणी केली असेल, तर ती झालेली नाही असं समजावं. कर्कटक आणि लघुतम यांचंही तसंच आहे. पाटीपुरती चूक माझी. चारुलता बनसोडे." आणि तबस्सुमच्या पत्राला लिहिलेल्या चार ओळी पुसून एकच ओळ लिहिली: कोणतंही निवडू नका. मला फोन करा.

सूचना किती जणांनी पाहिली, हे पानाच्या तळाशी दिसायचं. दुसऱ्या दिवशी आकडा तीन होता. त्यांतल्या दोन वेळा ती स्वतःच होती.

*

तिसरी तबस्सुम. तिचा फोन सकाळी सातलाच आला. मागे वारा आणि कुणाच्यातरी हाका.

"मॅडम, म्हणजे तिघांनी एकाच्याच वहीत बघून लिहिलं?"

"हो."

"आणि ती वही कुणाला दाखवत नाहीत."

"हो."

"या अल्ला," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "मला वाटलंच होतं. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, यंत्र चुकतं की तुझी पट्टी चुकते, आधी ठरव."

"कसली पट्टी?"

तिने सांगितलं. पूल जवळजवळ पुरा झाला होता. सव्वीस जानेवारीला उद्घाटन, बँडसुद्धा ठरलेला. पुलाला आडवा वारा सोसावा म्हणून समुद्राच्या बाजूने तिरके दोर बांधले होते. मोठा वारा समुद्राकडून येतो, म्हणून त्याच बाजूला. गणिताप्रमाणे चालण्याची वाट जास्तीत जास्त दोन सेंटिमीटर कलायला हवी. पण खाडीत तर, म्हणजे माणसं पार करणारी होडी, चालवणारे सुलेमानचाचा तिला म्हणाले होते, "पोरी, तुझा पूल सकाळी समुद्राकडे वाकून बघतो." ती पहाटे जाऊन ओळंबा आणि पट्टी लावून बसली. अकरा सेंटिमीटर.

"पहाटे कसला वारा?"

"मतलई, मॅडम. डोंगराकडून समुद्राकडे जातो. जानेवारीत रोज असतो. दुपारी बघितलं तर पूल सरळ." ती थांबली. "आज सही करून टाकली तर कुणी काही म्हणणार नाही. कागद पुरे आहेत. पण पलीकडच्या वाडीतली पन्नास पोरं सकाळच्या शाळेला याच पुलावरून येणार. आणि सही माझी आहे."

चारुलताने तिला हिशेब सांगितला. जुना भाग परत जोडायला तीन दिवस, गणित चालायला चार. मध्ये एक अडचण होती.

"ते कुणीतरी वाचायला पाहिजे. सहाशे चाळीस ओळी. त्याशिवाय मी पाटी बाहेर देत नाही."

"तुम्हीच लिहिलंय ना? मग तुम्हाला माहीतच आहे."

"म्हणूनच मी वाचून उपयोग नाही. तू वाच."

"मी? मॅडम, मी सिव्हिलची. तेसुद्धा दुसऱ्या प्रयत्नात पास."

"पायऱ्या शिकवल्या होत्या तुला?"

"आठवीपर्यंत. नंतर निष्कर्ष आलं."

"आठवीपर्यंतच्या पुरतील. जिथे अडशील तिथे थांब आणि मला विचार. लाजायचं नाही. कळलं नसताना कळलं म्हणायचं नाही, एवढंच." एवढं बोलून चारुलताने फोन ठेवला.

*

पुढचे दिवस तिला आठवत राहिले ते त्यांतल्या प्रश्नांमुळे. तबस्सुम साइटवर काम करायची आणि मधल्या सुट्टीत फोनवर वाचायची. ओळ १२ मध्ये हे चिन्ह कशाचं? ओळ ५७ आणि ६१ एकच काम करतात, मग दोन कशाला? (त्याला काही कारण नव्हतं. २०११ साली चारुलताला ताप होता.) ओळ १३० वाचून मला माझ्या आठवीच्या बाईंची आठवण आली, त्या अशाच एका श्वासात बोलायच्या. चारुलता प्रत्येकाला उत्तर द्यायची. दुपारचे चार वाजून जायचे आणि आधण ठेवायचं राहून जायचं.

पाचव्या दिवशी संदेश आला: "सगळं वाचून झालं. ओळ २१४ समजली नाही. ती सोडून बाकी पटलं."

चारुलताने ओळ २१४ काढली. वर्गाचं वर्गमूळ दिसलं, की वर्ग आणि मूळ दोन्ही काढून टाकायचं, आतलं अक्षर ठेवायचं. लेखन: चारुलता बनसोडे. वाचन: मकरंद शेणोलीकर. मार्च २०११. तिने फोन केला.

"यात न समजण्यासारखं काय आहे? क्षचा वर्ग केला, परत मूळ काढलं, क्ष परत आला."

"ते कळलं मॅडम. पण क्ष ऋण असेल तर? उणे तीनचा वर्ग नऊ. नऊचं मूळ तीन. उणे तीन परत नाही ना येत."

चारुलताने कागद ओढून त्यावर उणे तीन लिहिलं आणि त्याचा वर्ग केला.

"हॅलो? मी काहीतरी येड्यासारखं विचारलं का?"

"नाही," चारुलता म्हणाली. "बोल. तुझ्या दोरांचं सूत्र काय आहे?"

तबस्सुमने सांगितलं, पण आता चारुलताला ते समोर दिसतच होतं. दोर ओढतो, ढकलत नाही. ताणला तर त्यात ताण येतो. सैल पडला तर शून्य. हे समीकरणात मांडायची जुनी युक्ती आहे: दोर किती ताणला तो क्ष, त्यात क्षच्या वर्गाचं वर्गमूळ मिळवायचं आणि दोनने भागायचं. क्ष धन असेल तर क्षच येतो. ऋण असेल तर दोन्ही एकमेकांना खाऊन शून्य. तबस्सुमने हे बरोबर मांडलं होतं. पण ओळ २१४ ते मूळ काढून टाकायची. मग उरायचा नुसता क्ष, धन असो की ऋण. त्या गणितातला दोर ढकलूही शकत होता. समुद्राकडून वारा आला की पूल डोंगराकडे रेटला जायचा आणि दोर त्याला ओढून धरायचे, ते खरं होतं. डोंगराकडून मतलई आला की पूल समुद्राकडे जायचा. गणितातले दोर तेव्हा त्याला काठीसारखे ढकलून जागेवर ठेवायचे. खाडीवरचे दोर मात्र नुसते लोंबायचे.

निष्कर्षनेही हेच केलं होतं. त्याने घातलेले लाख आकडे समुद्राच्या वाऱ्याचे असणार, कारण सगळ्या पुस्तकांत मोठा वारा तिकडूनच येतो. आणि ही उडी ते कुठून शिकलं? जगभरातल्या जुन्या मोकळ्या प्रोग्रामांच्या पायऱ्या वाचून. त्यांत पाटी होती. ओळ २१४ तिथून गेली असेल, किंवा नसेलही. कळायला मार्ग नव्हता, निष्कर्ष उघडता येत नव्हतं.

म्हणजे पाटी सहा वर्षं स्वतंत्र राहिली असती, तरी या पुलाचं उत्तर चुकलंच असतं. आणखी एक साक्षीदार, चार दिवस विचार करून, तेच खोटं बोलला असता. मकरंदने ती ओळ प्रामाणिकपणे वाचली होती. पण दोघं एकाच बाकावर शिकलेले. लांबी धनच असते, हे दोघांनाही इतकं माहीत होतं, की एकाच्या डोळ्यांना दिसलं नाही ते दुसऱ्याच्याही दिसलं नाही.

"तबस्सुम," ती म्हणाली, "ओळ चुकलेली आहे. चौतीस वर्षं."

"मग आता?"

"आता मी ती बदलते. आणि तू ती परत वाचतेस."

*

गणित चार दिवस सहा तास चाललं. ते सुरू करताना चारुलताने भिंतीतली वायर पुन्हा उपटून ठेवली होती. संगणकाचं अंग तापलेलं असायचं, आणि ती मधूनमधून हात लावून बघायची, कुणाच्या कपाळाला लावावा तसा.

उत्तर बावीस जानेवारीच्या सकाळी आलं. समुद्राच्या वाऱ्यासाठी निष्कर्षशी शेवटच्या अंकापर्यंत जुळणारं. डोंगराच्या वाऱ्यासाठी निराळं: नेहमीच्या मतलईत अकरा पूर्णांक चार सेंटिमीटर. वारा ताशी साठच्या वर गेला आणि पुलावर वीस माणसं असली, तर पुढे सेंटिमीटर मोजण्यासारखं काही उरत नव्हतं.

तबस्सुमच्या साहेबांनी आकडा पाहिला, पायऱ्यांची अडीचशे पानं पाहिली आणि त्यांतलं एकही पान वाचलं नाही. पण अकरा पूर्णांक चार आणि ओळंब्याचे अकरा त्यांना शेजारी शेजारी दिसले. "पट्टी बरी आहे तुझी," एवढंच ते म्हणाले. डोंगराच्या बाजूनेही दोर बांधायचं ठरलं. उद्घाटन मार्चवर गेलं. बँडवाल्यांना कळवायचं राहिलं, त्यामुळे ते सव्वीस जानेवारीला येऊन, सुलेमानचाचांच्या तरीत बसून वाजवून गेले.

"फॉर्ममध्ये पाटी लिहू ना?" तबस्सुमने फोनवर विचारलं.

"लिही. आवृत्तीची तारीख घाल, नाहीतर जुनीच कुणी उचलेल."

"आणि वाचणाऱ्याचं नाव? त्याला रकाना नाहीये."

"रकाना नाही, हे माहीत आहे मला."

"मी कडेला लिहिते," तबस्सुम म्हणाली. "आणि मॅडम, मार्चमध्ये या तुम्ही. चाचा म्हणालेत, तुम्हाला तरीतून नेतो, पुलावरून नाही. त्यांचा धंदा बुडवलात म्हणून."

"येईन," चारुलता म्हणाली. पोरगी दुसऱ्या साइटवर जाईल, फोन कमी होतील, मग सणावारी एखादा संदेश येईल, हेही तिला दिसत होतं. तिने त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. निदान तसं ठरवलं.

दुपारी चारला तिने तपासणी सुरू केली. चहा गाळून झाला, पिऊन झाला. पडद्यावर चारशे नव्याण्णवावं उदाहरण चाललं होतं. सत्तावीस चुकली होती. बदललेल्या ओळीमुळे कुठे कुठे काय ढासळलं होतं, ते एकेक करून बघावं लागणार होतं. वर्ष जाईल. वहीत तिने आजची तारीख घातली आणि पुढची जागा कोरी सोडली.

मग कोल्हापूरला फोन लावला.

"पूल वाचला का?" मकरंदने आवाज ऐकताच विचारलं.

"पूल मार्चमध्ये. तू बसलायस का?"

"दुसरं काय करतो मी?"

"ऐक मग." तिने नव्वद ओळींची ती फाइल पडद्यावर घेतली. पाटीतून तिने ती काढली होती, पण पुसली नव्हती. "लेखन मकरंद शेणोलीकर. नऊ ऑगस्ट दोन हजार एकोणचाळीस. चारू, हे मला स्वतःलाच पटलेलं नाही."

"चारू, राहू दे."

"मध्ये बोलायचं असेल तर थांब म्हणायचं. रिवाज आहे."

तो थांब म्हणाला नाही. तिने सहाच्या सहा ओळी वाचल्या. मग प्रोग्रामच्या नव्वद ओळी, चिन्हासकट, कंसासकट, हॉस्टेलच्या खोलीत वाचत तशा, घाई न करता. बावीस मिनिटं लागली. पलीकडून फक्त त्याच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि एकदा खुर्ची करकरली.

शेवटची ओळ संपली. माथ्यावर जिथे तिचं नाव होतं ते तिने खोडलं.

"पटलं नाही," चारुलता म्हणाली. "परत पाठवतेय."

 फोन कटला की काय, म्हणून तिने कानापासून काढून बघितला. कटला नव्हता.

"कारण?" मकरंदचा आवाज आला, किंचित चढलेला, ओळखीचा. "नुसतं पटलं नाही चालत नाही. कारण लागतं."

चारुलताने खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला सुरुवात केली.